पाच गूर्दांचा डॉलर

दोनला पुन्हा फोन येणार होता. पावणेदोन झाले होते. पैशांची पिशवी पोटाशी धरून एल्सिमेन खाटेच्या कडेला टेकली.

काल भर दुपारी तिच्या नवऱ्याला, फ्रित्झनेरला, तो चालवायचा त्या टपटपमधून, म्हणजे वडापच्या गाडीतून, एका टोळीने उतारूंच्या देखत ओढून नेलं होतं. संध्याकाळी फोन आला. आवाज कोवळा होता, मिसरूडही नीट फुटलेलं नसेल. "मावशी, वीस हजार डॉलर. उद्या दोनला फोन करतो. रडारड केलीस तर फोन ठेवून देईन, मग नवऱ्याची वाट बघू नकोस."

वीस हजार डॉलर म्हणजे इथल्या चलनात एक लाख गूर्द. पाच गूर्दांचा एक डॉलर. हा डॉलर आजवर कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही, त्याची नोट नाही की नाणं नाही. पण पोर्ट-ओ-प्रिन्सच्या बाजारात अंडी घ्या नाहीतर बोकड घ्या, भाव सांगतात तो डॉलरमध्येच. अमेरिकेचा डॉलर निराळा. तो एकशेतीस गूर्दांना पडतो, आणि ज्याला तो हवा असतो तो 'अमेरिकन' असं तोंडाने म्हणतो.

पोरगा तसं म्हणाला नव्हता. एल्सिमेनने तीस वर्षं बाजारात तांदूळ विकला होता, नुसत्या आवाजावरून ती गिऱ्हाईक ओळखायची. हा तिच्याच बाजारात वाढलेला होता, पाच-पाच करून मोजणारा. एवढाच काय तो तिला आधार वाटत होता. भिशीतल्या बायकांनी आपापल्या पाळीचे पैसे तिला दिले. दुकानातली पोती निम्म्या भावात गेली. अकराच्या सुमारास लाख पुरे झाले. तेव्हापासून ती घोकत बसली होती: पैसे तयार आहेत, कुठे आणू? याच्यापुढे एक शब्द बोलायचा नाही.

दोनला पाच मिनिटं असताना दीर धापा टाकत आत आला. केस्नेल बावीस वर्षं बोस्टनला काढून गेल्या महिन्यात परतला होता; डॉलर म्हटलं की त्याला आता अमेरिकेचाच सुचायचा. उत्तरेला होता, बातमी कळली तसा मिळेल त्या गाडीने निघाला. माणूस भला. भावासाठी जीव टाकणारा.

"किती मागतायत, वहिनी?"

"वीस हजार डॉलर. जमलेत, भावजी." तिने पिशवी पुढे केली.

केस्नेलने आत डोकावून पाहिलं. मळक्या, दुमडलेल्या गूर्दांच्या नोटा. त्याने मनातल्या मनात एकशेतीसने भागाकार केला आणि त्याचा चेहरा उतरला. "अहो वहिनी, हे धड आठशेसुद्धा नाहीत."

ती समजावून सांगणार इतक्यात फोन वाजला.

तिने उचलला, आणि नेमका तेव्हाच हुंदका वर आला. दातांत ओठ धरला तरी राहीना. पोराला ऐकू गेला तर संपलं सगळं. तिने फोन दिराच्या हातात कोंबला. "पैसे तयार आहेत म्हणा," एवढंच कसंबसं तिच्या तोंडून निघालं.

भीतीने बिचारीचं डोकं फिरलंय, असं केस्नेलला वाटलं. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिलाही ऐकू यावं म्हणून फोनचा स्पीकर लावला.

"मी फ्रित्झनेरचा भाऊ बोलतोय. हे बघा, तुम्ही म्हणाल ते करू, पोलिसांकडे जाणार नाही. पण जमेल तेवढं तरी मागा हो. वीस हजार अमेरिकन डॉलर आम्ही गरिबांनी आणायचे कुठून? माझे बोस्टनच्या बँकेत चार हजार आहेत. ते आजच मागवतो."

एल्सिमेनने त्याचं मनगट धरलं. मान नाही-नाही हलवत राहिली. तिच्याकडे बघून केस्नेलने डोळ्यांनीच धीर दिला, घाबरू नका, मी आहे ना.

पलीकडे कुणी बोलेना. फोन ठेवलाही नाही. शिवीगाळ झाली असती, धमकी आली असती, तरी तिला इतकी भीती वाटली नसती.

मग पलीकडे फोनवर तळहात दाबल्याचा आवाज आला. पण पोराने तो नीट दाबला नव्हता. त्याने शेजारच्या कुणाला तरी विचारलेलं या खोलीत स्वच्छ ऐकू आलं.

"ए, अमेरिकन डॉलर आज कितीला पडतो रे?"