केरूनानांची चमकी

तापातून उठलेल्या केरूनानांच्या नाकात आरोग्यसेविका फरझानाने चापाची मोत्याची चमकी बसवली, तेव्हा अख्खी आळी हसली. पण नानांची साखर वाढलेली, अंगात त्राण नाही. अशा नाकात बुरशी रुजली की डोळा जातो, जीवही जातो. चमकी श्वास हुंगायची, त्यात काय सापडलं ते फरझानाच्या फोनवर कळवायची आणि बुरशीचा वास लागताच काळवंडायची.

चौथ्या दिवशी फरझानाचा फोन आला. "नाना, चमकी कळवतेय, तुम्ही मिश्री लावता म्हणून!"

मिश्री लावायच्या त्या ताराक्का; त्यांचा हात आपल्याच नाकाकडे गेला. पहिल्याच सकाळी नानांनी चमकी काढून बायकोच्या नाकात घातली होती. "लग्नात नथ झाली नाही. तुला शोभते बघ." आणि साठीतल्या ताराक्का नव्या नवरीसारख्या लाजल्या होत्या.

आता त्यांनी ती नानांच्या नाकात अडकवली. मोती बघता बघता करडा झाला, तसं त्यांनी फोनवर सांगितलं.

"काळा नाही ना झाला, आक्का? म्हणजे सुरुवातच आहे, डोळा वाचेल. दवाखान्याची गाडी निघालीय," फरझाना म्हणाली.

नाना ओशाळले. "तुझ्या नाकात किती पांढराशुभ्र दिसायचा गं."

"बघायला तुमचे डोळेच राहिले नाहीत, तर मिरवू कुणापुढं?" ताराक्का म्हणाल्या, आणि गाडी येईस्तोवर त्यांनी चमकीवरचं बोट काढलं नाही.