लोला सेपाच्या अंगणातला महिना

"अरे, कुऱ्हाड आहे ती, झाडू नाही!" लोला सेपा बांबूच्या जिन्यावरून ओरडली.

रोदेलिओनं कुऱ्हाड डोक्यावर उगारली. मनिलाच्या कॉलेजात मानववंशशास्त्र घेतलं, तेव्हा लाकडं फोडावी लागतील असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण यंदा मॅडमनी फर्मानच काढलं होतं. लोकांना नुसते प्रश्न विचारून अहवाल लिहायचे दिवस गेले. जोडीनं जा, कामाला स्वतः हात लावा आणि अहवालही त्या घराला सोबत घेऊनच लिहा.

त्याच्या जोडीला मारिविक होती. विषय तिनंच सुचवला, गावही तिचंच, आणि लोला तिची सख्खी आजी. लग्नाला मुलगी हवी असेल तर तिच्या घरी महिनाभर राबायचं, पाणी भरायचं, लाकडं फोडायची, ही तिकडची जुनी चाल.

"मी पडले घरची मुलगी, मला ते कसं करता येईल?" ती म्हणाली होती. "मी वही धरते. हात तुझे."

रोदेलिओला आकाश ठेंगणं झालं. दोन वर्षं तो तिच्या मागच्या बाकावर बसून झुरत होता. अहवाल गेला उडत! लोलाचा होकार मिळाला की त्याला जगात दुसरं काही नको होतं.

उजाडायच्या आत तो विहिरीवर जायचा. बारा खेपा. मग डुकरांना कोंडा, मग भात कांडणं, मग लाकडं. तळहातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले.

शेजारचा ओनियो कुंपणावर बसून मजा बघायचा. त्याचा उजवा हात मोडून गळ्यात अडकवलेला होता, तोंड मात्र शाबूत. कुऱ्हाड त्याचीच. पहिल्या दिवशी ती लोलाच्या अंगणात एका ओंडक्यात रुतलेली दिसली, तेव्हा "घे की, लाजतोस काय!" म्हणून त्यानं ती मोठ्या मनानं देऊन टाकली होती.

"भावा, तो जाडा राहिला बघ," ओनियो सांगायचा. "आणि लोलाला ढलप्या बारीक लागतात."

"मग तू ये ना."

"आलो असतो रे. या हाताला विचार."

पण माणूस दिलदार. रोज घरून भात आणि तळलेला सुका मासा आणायचा, रोदेलिओच्या खांद्याला डाव्या हातानं तेल चोळायचा. गावची माणसं किती निरपेक्ष असतात, असं रोदेलिओनं मुद्दाम अहवालात घालायला सांगितलं. मारिविकनं ते लिहून घेतलं.

"लोला, गडी कामाला चांगला आहे हो!" येणारेजाणारे म्हणत.

"बघू, महिना भरू दे," लोला म्हणायची, आणि मारिविक मान खाली घालून हसायची. ते हसू पाहिलं की रोदेलिओ आणखी दोन ओंडके फोडायचा.

तिसाव्या दिवशी दुपारी लोलानं चारचौघांना बोलावलं. काळी कॉफी झाली, तांदळाचा गोड केक झाला. शेजारी म्हणून ओनियोचे आईबापही ठेवणीतले कपडे घालून आले. रोदेलिओनं एकुलता एक इस्त्रीचा शर्ट चढवला आणि तिकडच्या रीतीनं वाकून लोलाचा हात कपाळाला लावला.

लोलानं लाकडांची रास पाहिली, भरलेले रांजण पाहिले. मग त्याचे तळहात उलटेसुलटे करून पाहिले, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माझ्या नवऱ्यानंसुद्धा एवढं केलं नव्हतं," ती म्हणाली. "माझा होकार आहे. आता पोरीला विचारा."

"माझाही," मारिविक म्हणाली, आणि लाजून चूर झाली.

रोदेलिओला हुंदकाच फुटला. लोलानं त्याला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला.

"असा मित्र नशिबानं मिळतो," ती म्हणाली आणि कुंपणाकडे वळली. "ये रे ओनियो, आत ये जावईबापू! राबायला आलास आणि पहिल्याच आठवड्यात हात मोडून घेतलास, पण तुझ्या वाटचं राबायला माणूस मात्र लाखात एक धाडलास."