एका ओळीत शंभरदा

न्हाणीघरातला नळ गळत होता, आणि "शंभरदा सांगितलं तुला!" म्हणून म्हणून आईचा घसा बसला होता. कम्प्युटरवाल्या लेकाला पाना उचलायचा म्हटलं की हात दुखायचे. तो म्हणाला, "शंभरदा? मोजूनच टाकतो. शंभर भरले तर नळ आजच्या आज दुरुस्त. नाही भरले, तर पुन्हा नळाचं नाव काढायचं नाही."

माघार घेईल ती आई कसली! आठवडाभर फोन ओट्यावर कान देऊन बसला.

रविवारी लेक ऐटीत सांगू लागला, "प्रत्येक शब्दाचा एक डबा. शब्द आला, की डब्यात आहे त्यात एक मिळवायचा आणि परत तिथंच ठेवायचा. लोक यासाठी पानभर प्रोग्रॅम लिहितात, मी एका ओळीत उरकलं. सगळे शब्द एकदम!"

त्याने बटण दाबलं. 'नळ'च्या डब्यात आकडा आला, एक.

"बघ, एकदाच बोललीस!" लेकाने टाळी वाजवली.

सूनही त्याच धंद्यातली. ओळ निरखून ती म्हणाली, "अरे, चुकलंय हे. सगळे शब्द एकदम घेतलेस ना? मग तोच शब्द कितीही वेळा येऊ दे, हे एकदाच धरतं, बाकीचे सोडून देतं."

आईने पाना लेकाच्या हातात कोंबला.

"चुकलं कसलं गं? या ओळीचा बाप हाच ना? लेकरू बापावर गेलंय."