वीस वॉट

माझ्या हौशी रेडिओच्या ट्रान्समीटरमधली तांब्याची कॉइल फार तापायची. तिथंच वीस वॉट शक्ती वाया जायची. म्हणून मी आईच्या पायातली चांदीची कडी धुळ्याच्या मुलामेवाल्याला दिली आणि कॉइलवर चांदी चढवून घेतली. आईला जाऊन तीन महिने झाले होते. बायकोला, लाडकुंवरला, यातलं काही सांगितलं नाही.

डिसेंबरातल्या दुपारी मी मोर्सची कळ दाबली. मीटरवर अजूनही वीस वॉट कमीच. वीज बंद करून कॉइलला हात लावला. गार. मग वीस वॉट जातात कुठं?

"अहो," लाडकुंवर माडीवरून म्हणाली, "आईंच्या खोलीतली फरशी ऊन कशी लागतेय? तीही पावलाएवढीच!"

मी वीज लावून पुन्हा कळ दाबली.

"आता दाराशी लागतेय."

पुन्हा दाबली.

"जिन्याच्या वरच्या पायरीवर. अहो, खाली येतंय ते. बंद करा!"

मी मेन स्विच पाडला. ट्रान्समीटरमधले व्हॉल्व विझले. मीटरचा काटा शून्यावर आला.

"थांबलं का गं?"

"नाही."

मी अनवाणीच बसलो होतो. खुर्चीखाली फरशी बर्फासारखी गार होती. मग माझ्या टाचांच्या मागं ती हळूहळू तापू लागली.