पाहुण्याचा रंग

"सावळा पाहुणा आमच्याच्यानं बघवणार नाही. विषय संपला." फोनमधून मुकादमाचा आवाज खणखणला.

ऑपरेटरकाकांनी चहाचा कप बशीत ठेवला आणि कपाळावर आलेली बट मागे सारली. सकाळपासून हेच दळण चाललं होतं.

पाहुणा म्हणजे पडद्यावरचा हेर. न बोलावता कुणाच्याही घरात शिरतो, म्हणून पाहुणा. एकाच नटानं जवळजवळ उभी हयात ही भूमिका केली. तो थकला तेव्हा कंपनीनं नवा नट जाहीर केला, आणि तो निघाला सावळा. झालं, चाहत्यांच्या मंडळात भडका उडाला. मंडळाचं नाव 'यजमान'. सगळे फोनवरचे ओळखीचे, प्रत्यक्ष भेट कुणाची कुणाशी नाही. लिहायचं नाही, बोलून पाठवायचं, हा तिथला नियम. तोही काकांनीच घालून दिलेला. पाहुण्याची वाक्यं लिहून थोडीच कळतात, असं त्यांचं म्हणणं. मुकादम हा मंडळाचा प्रमुख. सगळ्यांना कामाला जुंपतो म्हणून हे नाव, आणि त्याचा त्याला अभिमानही.

काकांची सगळी नोकरी इस्पितळाच्या टेलिफोन एक्स्चेंजवर झाली. एकदा ऐकलेला आवाज ते विसरत नसत. कुठल्या सिनेमात पाहुण्याच्या बुटांचा आवाज बदलला, हेसुद्धा ते सांगत. मंडळात पैज लागली की निकाल काकांचा. लेक कचेरीत गेली की घरात त्यांना विचारणारं दुसरं होतं कोण? बायको जाऊन वर्ष होत आलं होतं.

"रंगानं काय होतंय? काम बघा की त्याचं," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्या शाळेत गणित शिकवत आणि मुकादमाला अजिबात भीक घालत नसत.

"बाई, उद्या म्हणाल त्याला शेपूट लावा. काका, तुम्हीच समजवा यांना."

काकांनी घसा साफ केला. "मला एक कळत नाही. तुम्ही भांडताय कशाला? पाहुणा पहिल्यापासून सावळाच आहे की."

मग एकेक हसण्याचा आवाज येऊ लागला.

"काका, फिरकी घेताय होय?"

"फिरकी नाही. सावळाच आहे तो."

"अहो, गोरापान आहे. सोनेरी केसांचा. चष्मा बदला, काका." मुकादम पोट धरून हसत होता. हसता हसता तो थांबला. पुढचा निरोप आला तो हलक्या आवाजात, एकट्या काकांसाठी. "काका, राग मानू नका. तब्येत बरी आहे ना? थोडे दिवस निकालाचं मास्तरीणबाई बघतील. तुम्ही आराम करा."

काकांनी फोन उपडा ठेवला. त्यांच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी सिनेमे, मग रस्ते, आणि शेवटी पोटची मुलंही ओळखू येईनात. काकांनी आयुष्यभर एकाच गोष्टीवर भरवसा टाकला होता, आपल्या आठवणीवर. तीच हातची जाणार असेल तर मागे उरलं काय?

संध्याकाळी लेक कचेरीतून आली. आल्या आल्या तिनं दिवा लावला. ओळखपत्रांच्या खिडकीवर ती काम करायची. समोरच्या माणसाचा चेहरा न्याहाळून ओळखीच्या खुणा सांगायच्या, शेजारच्यानं त्या नोंदवायच्या, दिवसभर हेच. कपातला चहा तसाच होता.

"बाबा, काय झालंय?"

काकांनी सगळं सांगितलं. ती ऐकत गेली, तसा तिचा चेहरा उतरत गेला.

"तुम्ही दुसऱ्या कुठल्या तरी सिनेमाशी गल्लत करताय," ती जपून म्हणाली. "पाहुणा गोराच आहे, बाबा."

"गल्लत कशी होईल? तुझ्या आईनं नि मी एकही सिनेमा सोडला नाही. भिंतीलगतच्या दोन खुर्च्या ठरलेल्या. ती सिनेमाभर माझ्या कानाशी बडबडायची, मागचे शुक् शुक् करायचे, ही बधेल तर शपथ." काकांचा डावीकडचा ओठ किंचित वर गेला आणि पुन्हा खाली आला.

"उद्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का?"

"म्हणजे तुलाही तसंच वाटतंय."

तिनं नुसता गार चहाचा कप उचलला. काकांना ते बोलण्याहून जास्त लागलं.

"बरं. जाऊ. पण आधी एक काम कर. त्या भिंतीवर आईनं लावलेलं पाहुण्याचं पोस्टर आहे ना, त्याच्यासमोर उभी राहा आणि तो कसा दिसतो ते सांग. कचेरीत सांगतेस तसं. मला बरं वाटावं म्हणून काही घालू नकोस."

लेक पोस्टरसमोर जाऊन उभी राहिली. "गोरा. केस सोनेरी. डोळे निळे."

"आणि कपाळावरची पांढरी बट?"

"नाही."

"हसताना डावीकडचाच ओठ वर जातो बघ."

"नाही, बाबा. सरळ हसतोय."

"उजव्या कानाखाली तीळ?"

"तोही नाही."

काकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "तुझी आई माझ्याशी खोटं बोलणार नाही गं."

"आईनं सांगितलं हे?"

"मग कुणी? जन्मापासून या डोळ्यांना कधी काही दिसलंय का? पडद्यावर काय चाललंय ते ती कानात सांगायची. तिनं सांगितला तो माझा पाहुणा. पुन्हा एकदा बघ. नीट बघ."

लेकीनं पोस्टरकडे पाठ केली. दिव्याच्या उजेडात बसलेल्या बापाकडे ती सवयीनं, खिडकीपलीकडच्या माणसाकडे बघावं तशी बघू लागली. आधी रंग, मग कपाळ, मग ओठ, मग कान.

"आहेत, बाबा," ती म्हणाली. "सगळ्या खुणा आहेत. तुमच्या चेहऱ्यावर."