पापड्यांवरचं ऊन

आयर्लंडच्या उन्हावर भरवसा ठेवून साबुदाण्याच्या पापड्या घालणारी पोर्टलीशमध्ये मेधा एकटीच असावी. नवरा उपेंद्र कोविडने हॉस्पिटलात, भेटायला बंदी. हात रिकामे राहिले की रडू येई, म्हणून हा उद्योग. मागच्या शेडची सावली पापड्यांवर आली की ती पापड्यांखालचं प्लॅस्टिक उन्हात ओढायची.

कुंपणापलीकडे खुर्ची टाकून बसणारी म्हातारी नोरा रोज चिडवायची, "इथं ऊन पाहुण्यासारखं येतं गं. त्याला कामाला कसली लावतेस?"

त्या दुपारी मेधाचे सुजलेले डोळे पाहून तिने बायबलमधली गोष्ट सांगितली. हिज्कीया राजा मरणाला टेकला, भिंतीकडे तोंड करून रडला. यशया संदेष्टा म्हणाला, तू जगशील. आणि खूण म्हणून पायऱ्यांवरची सावली उलटी मागे गेली.

"राजांचं ठीक आहे," मेधा म्हणाली. "आमच्यासाठी कोण सावली हलवतंय?"

"देवाकडे मागून तर बघू," म्हणत नोराने डोळे मिटले.

मेधा प्लॅस्टिक ओढायला वाकली आणि थबकली. सावलीत गेलेल्या पापड्या पुन्हा उन्हात होत्या. सावली शेडकडे मागे सरकत होती.

फोन वाजला. उपेंद्रचाच आवाज! "ऑक्सिजन काढला गं. भूक लागलीय."

रडत, हसत, हात जोडत ती कुंपणाशी धावली. "नोरा, तो बोलला! तुमचे उपकार कसे फेडू?"

"ग्रँड, ग्रँड, छान झालं," नोरा हसली आणि तिने शाल घट्ट ओढून घेतली.

आभाळात ढग नव्हता. नोराच्या बाजूला झाड नव्हतं, भिंत नव्हती. तरी तिची खुर्ची गर्द सावलीत होती, आणि ती सावली तिच्या मांडीवरून वर चढत होती.