आधारची घागर

"जुना पिक्चरमा काय दम शे रे?" वाल्मीकचा दोस्त पुना खाटेवर मांडी ठोकत म्हणाला. "पडकी हवेली, हातमा मेणबत्ती, धवळी साडी. आनि शेवटले काय? भूतच नही! इस्टेटकरता घरमानाच कोनी काका भूत बनेल ऱ्हास."

पुनाचं पाचोऱ्याला व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं. त्यामुळे भुतांच्या बाबतीत गावात त्याचा शब्द शेवटचा मानला जाई.

"नवासमा तसं नही," तो पुढे सरकून म्हणाला. "जो बठ्ठासमा बसीसन जेवस ना, तोच शेवटले मरेल निंघस! अंगवर काटा येस."

वाल्मीक कसनुसं हसला. हा वाद मुळात त्याच्या थोरल्या भावाचा, आधारचा. आधारला जुनीच पिक्चरं आवडायची. भूत शेवटी जिवंत माणूस निघालं की तो टाळ्या पिटायचा, आणि वाल्मीक चिडायचा; त्याला सगळ्यांत बसून जेवणारा माणूस शेवटी मेलेला निघणारी नवी पिक्चरं आवडायची.

आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, दुपार होती. लाईट गेलेली. गरम वाऱ्यानं रस्ता पुसून काढला होता. माहेरपणाला आलेल्या पोरी जेवायला घरी पळाल्या होत्या आणि कडुनिंबाचा रिकामा झोका आपला आपणच हलत होता. करर, करर. पुना म्हणाला, हवेलीत नेमका असाच आवाज येतो. भर उन्हातही वाल्मीकला तो आवाज नकोसा झाला.

आत चुलीजवळ त्याची आई, केसरबाई, पितरांच्या नावानं निखाऱ्यांवर घास टाकत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण हात अचूक. तिच्यासमोर पाण्यानं भरलेल्या दोन घागरी होत्या. एक वाल्मीकच्या वडिलांची. दुसरी आधारची, तिच्यावर खरबूज आणि सांजोऱ्या. मेलेला माणूस आखाजीला घरी जेवायला येतो, त्याची घागर भरलेली हवी.

तीन वर्षांपूर्वी आधार भांडून सुरतेला गेला. मग रुळांवर एक माणूस मेलेला सापडला. चेहरा ओळखण्यासारखा नव्हता. सदरा आधारचा होता आणि तो वाल्मीकनंच ओळखला. घरानं रडून घेतलं. गेल्या साली जातीतल्या चार माणसांनी बसून आधारची बायको पार्वताबाई हिचा वाल्मीकशी पाट लावून दिला. आता झोळीत त्यांची मुलगी होती. वाल्मीक सुखात होता. फक्त अधूनमधून त्याच्या मनात येई, सदरा काय, कुणाच्याही अंगावर जातो. मग त्याची झोप उडे.

झोका थांबला.

दारात आधार उभा होता.

ज्यानं शेकडो भुतं भाड्यानं दिली, तो पुना एक चप्पल तिथंच टाकून मागच्या भिंतीवरून पसार झाला. "भूत! भूत!" करत तो गल्लीतून पळाल्याचं घरात ऐकू आलं.

वाल्मीकनं पहिल्यांदा पाय पाहिले. सरळ होते. सावली शोधली, पण ऊन डोक्यावर होतं आणि आधारची सावली त्याच्या पायांखालीच कुठं तरी होती. अंगावर धूळ, गाल आत गेलेले, आणि नजर घरभर फिरणारी. त्यानं भिंतीवरचा स्वतःचा हार घातलेला फोटो पाहिला. नवी लाल घागर पाहिली. झोळी पाहिली. पार्वताबाई आतून आली आणि वाल्मीकच्या पाठीमागे उभी राहिली. तिनं त्याच्या सदऱ्याचं टोक घट्ट धरलं. आधारनं तेही पाहिलं.

"कोन उना?" केसरबाईनं चुलीजवळून विचारलं.

आधार वाल्मीकच्या अगदी जवळ आला. हळूच म्हणाला, "बोल भाऊ. जुना पिक्चर का नवा?"

वाल्मीकचा हात झोळीच्या दोरीकडे गेला. झोळीत पोर रडायला लागली.

आधारनं एकदा पोरीकडे पाहिलं. मग मोठ्यानं म्हणाला, "मी शे माय. आधार. आखाजी शे ना, जेवाले उनू. जेवीसन जासू."

केसरबाईचा हात निखाऱ्यांवरच थांबला. मग ती म्हणाली, "ये. बैठ."

तिनं पान वाढलं. आमरस, पुरणपोळी, कुरडई. तूप वाढायला ती वाकली तेव्हा आधारच्या कपाळावरून घामाचा एक थेंब तिच्या मनगटावर पडला. तिनं हात मागे घेतला नाही. आधार खाली मान घालून जेवला, बोटं चाटून. पार्वताबाईचे डोळे वाहत होते, पण सदऱ्याचं टोक तिनं सोडलं नाही.

आधार उठला. आईला आपला स्पर्श होऊ नये म्हणून तिच्या पायांपासून वीतभर लांब त्यानं डोकं टेकलं.

"ऊन शे," केसरबाई म्हणाली. "डोकाले फडकं बांध."

म्हातारीला भूत आणि माणूस कळेनासं झालंय, असं वाल्मीकला वाटलं. आधारनं मुकाट्यानं खिशातला रुमाल डोक्याला गुंडाळला आणि तो पाचोऱ्याच्या रस्त्याला लागला. त्यानं एकदाही मागे पाहिलं नाही.

मग केसरबाई उठली. चाचपडत तिनं आधारच्या घागरीवरचं खरबूज खाली ठेवलं. घागर कमरेवर घेतली, अंगणात नेली आणि कडुनिंबाच्या बुंध्याशी उपडी केली. भळभळ पाणी गेलं.

"माय, हाई काय करस?" वाल्मीक घाबरून धावला. "भाऊनी घागर शे ती!"

केसरबाईनं ते मनगट अजून पुसलं नव्हतं.

"जित्ता माणूसनी घागर भरतस नहीत," ती म्हणाली. "गावमा मातर सांगजो, भूतच उनं व्हतं."